चिपळूणला फावडी घेऊन जाणाऱ्यांसाठी

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिवनदी चिपळूण शहरात घुसल्या. आम्ही पुण्याची मंडळी पोचलो तोवर पाणी ओसरलं होतं, टीव्हीच्या गाड्या कमी झाल्या होत्या आणि मागे उरला होता तो गाळ. तुमच्यापैकी बरेच जण पुढच्या काही दिवसांत निघणार आहेत असं कळलं, म्हणून जे पाहिलं ते लिहितोय.

आधी रस्ता. पुण्याहून आम्ही कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने उतरलो. घाटात दरडींची माती जागोजागी आहे, त्यामुळे निघण्याच्या दिवशीच चौकशी करा, आणि अंधारात घाट उतरू नका. या वाटेचा मोठा फायदा म्हणजे पोफळी, अलोरे, खेर्डी करत थेट बहादूरशेख नाक्याला येता येतं, वाशिष्ठी ओलांडावी लागत नाही. मुंबईहून येणाऱ्यांना परशुराम घाट आणि पुढे वाशिष्ठीचा पूल अशा दोन अडचणी आहेत. हमरस्त्याच्या जुन्या पुलाला पुराचा मार बसलाय. टेम्पो घेऊन जाणार असाल तर कोणत्या वजनाच्या गाड्या सोडतात ते विचारूनच माल भरा.

फावडी, घमेली, खराटे, लांब दांड्याचे वायपर, गमबूट, रबरी हातमोजे हे सगळं कराडलाच घेतलं. डिझेलही तिथेच भरलं. चिपळूणची हार्डवेअरची दुकानं स्वतःच बुडालीत. मात्र भाजी, चहा, बिस्किटं तिथे जे काही विकायला बसलंय ते तिथेच विकत घ्या. चिंचनाक्याजवळ एकाने धुतलेल्या टेबलावर स्टोव्ह मांडून चहा सुरू केला होता. त्याच्याकडे फुकटचा चहा वाटणारी गाडी आणून उभी करणं मला तरी बरं वाटलं नाही.

आता मुख्य मुद्दा. मदत बाजारपेठेत साचते. गाडी मोठ्या रस्त्यावर थांबते, कीट वाटले जातात, फोटो निघतात, गाडी वळते. जे घराबाहेर उभे असतात त्यांना तीनतीनदा मिळतं. आळीच्या टोकाला म्हातारं जोडपं घरातला गाळ उपसत असतं, ते रस्त्यावर येणार कधी? मुरादपूर, पेठमाप, शंकरवाडी, खेंड ही नावं बाहेरच्या गाडीवाल्यांना माहीतच नसतात. आम्हालाही नव्हती. एका आळीतल्या पोरांनी साध्या वहीत घरवार यादी केली होती: माणसं किती, आजारी कोण, गाळ निघालाय का, शेगडी चालू आहे का. टेम्पो आम्ही त्यांच्या हवाली केला आणि ते सांगतील तिथे फावडं मारलं. अशी वही प्रत्येक आळीत कोणी ना कोणी ठेवलीय. मंडळाचा कार्यकर्ता असेल, मशिदीतली पोरं असतील, शाळेतल्या बाई असतील. जाण्याआधी अशा एकाला फोन लावा. तो नाही म्हणाला तर खरंच जाऊ नका.

कपडे नेऊ नका. पुन्हा लिहितो, जुने कपडे नेऊ नका. रस्त्याच्या कडेला भिजलेल्या कपड्यांचे ढीग पडलेत आणि ते उचलायचं काम पुन्हा गावावरच आलंय. आमच्यातल्या एकीने नवी साडी पुढे केली तर काकू म्हणाल्या, "बाळा, ठेवू कुठे? कपाटच राहिलं नाही." त्यांना हवा होता एक पत्र्याचा डबा, झाकणाचा, तांदूळ ठेवायला. टॉर्च, ताडपत्री, दोरी, बादल्या, झाकणाचे डबे, सॅनिटरी पॅड, फिनेल, डासांच्या अगरबत्त्या, आणि रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांसाठी औषधवाल्याकडे भरायचे पैसे, हे सगळं खपतं. मास्कही न्या. 2021 च्या त्या दिवसांत कोरोना गेलेला नव्हता आणि एका खोलीत दोन-तीन घरं राहत होती. म्हणून तेव्हा लस झालेल्यांनीच जाणं बरं होतं.

गाळाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण कामाचा बहुतेक वेळ त्यातच जातो. ओला असेपर्यंत तो वायपरने ढकलता येतो. दोन उन्हं पडली की पहारीने फोडावा लागतो. वरून खाली, आतून बाहेर असं काम करा. हात लावण्याआधी प्रत्येक खोलीचे, पाण्याच्या खुणेचे आणि नासलेल्या मालाचे फोटो घरच्यांना काढून ठेवायला सांगा. पंचनामा झालाय का ते विचारा. तलाठी येऊन जायच्या आधी तुम्ही दुकान चकाचक केलंत तर दुकानदाराचं नुकसान तुम्हीच पुसलंत. विम्याचा माल तर परवानगीशिवाय फेकूच नका. गटारं तुंबलीत, त्यामुळे गाळ दारातून रस्त्यावर लोटून भागत नाही, रात्रीच्या पावसात तो परत आत येतो. डंपर आळीत कधी येणार ते विचारून त्या वेळेआधी ढीग तयार ठेवायचा. प्रेशर पंप असेल तर सोन्याहून पिवळं, पण सोबत पाण्याचा टँकर नसेल तर तो नुसता शोभेचा.

वायरमनने पाहिल्याशिवाय कुणाचाही मेनस्विच चालू करू नका. सामान हलवताना सापाचं भान ठेवा. विहिरी उपसताना डिझेलचा पंप आत उतरवू नका. धुराने माणूस खालीच राहतो. पंप वर, पाइप खाली. उपसून झाल्यावर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची ते आरोग्य कर्मचाऱ्याला विचारा.

हातांपेक्षाही कारागीर हवेत. फ्रिज, शिलाई मशीन, मोटारसायकल, पिठाची गिरणी दुरुस्त करणारा एक माणूस तुमच्या दहा जणांच्या बरोबरीचा. गिरणी चालू झाली की अख्ख्या आळीचा प्रश्न सुटतो. बुडालेल्या गाडीला किक मारू नका, आधी ऑइल काढायला लावा.

लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं. 1864 पासूनचं हे वाचनालय, 2005 च्या पुरातही भिजलेलं. ओली पुस्तकं, रेशनकार्डं, सातबारे यांची पानं ओढून सुटी करू नका, उन्हात टाकू नका. सावलीत, वाऱ्यावर, मध्ये कोरा कागद घालून वाळवा.

चहाच्या टेबलावर पूर का आला यावर वाद चालतो. कोयनेचं वीज तयार करून झालेलं पाणी कोळकेवाडी धरणावरून वाशिष्ठीतच उतरतं. त्यातून अतिवृष्टी, खाडीची भरती आणि नदीत साठलेला गाळ. कोणी एकावर बोट ठेवतं, कोणी दुसऱ्यावर. आपण ऐकून घ्यावं. 26 जुलै 2005 ची खूण भिंतीवर दाखवून त्याच्या वरची नवी खूण दाखवणाऱ्या माणसाला आपण जलविज्ञान शिकवू नये.

मुक्कामाला कुणाच्या घरी उतरू नका, पाणी आणि जेवण आपलं न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घ्या. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. लेप्टोसाठी (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप, लेप्टोस्पायरोसिस) डॉक्सिसायक्लिनची गोळी घ्यायची का, किती, हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. परतल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर "पावसात भिजलो होतो" असं म्हणू नका. पुराच्या गाळात काम केलंय हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.