एल्डरफ्लॉवरचं सरबत आणि तिसऱ्या आठवड्यातलं फसफसणं

एल्डरफ्लॉवर म्हणजे एल्डर या झुडपाची सुवासिक पांढरी फुलं. त्यांच्या सरबताची कुठलीही कृती उघडा, शेवटची ओळ ठरलेली असते: 'निर्जंतुक बाटलीत भरा, थंड आणि अंधाऱ्या जागी काही महिने टिकतं.' या एका ओळीचा मला अजून राग येतो. कारण तेवढ्यावर ते टिकत नाही. दोन-तीन आठवडे गेले की झाकण उघडताना फुस्स आवाज येतो, बाटलीच्या मानेशी बारीक बुडबुड्यांचं कडं दिसतं, नाहीतर वर टिकलीएवढा पांढुरका ठिपका तरंगायला लागतो. तोवर झाडावरची फुलं संपलेली असतात. चूक सुधारायला थेट पुढचं वर्ष उजाडावं लागतं.

सरबत करणं सोपं आहे, ते आधी उरकते. एक लिटर पाणी, दीड किलो साखर, पूर्ण उमललेले वीस ते पंचवीस तुरे, दोन लिंबं आणि ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. साखर पाण्यात गरम करून विरघळवायची. एकतारी वगैरे काही नाही, विरघळली की पुरे. पाक कोमट झाला की त्यात सायट्रिक ॲसिड, लिंबाची पातळ पिवळी साल, लिंबाच्या चकत्या आणि फुलं घालायची, झाकून २४ तास ठेवायचं आणि मलमलीतून गाळायचं. पावणेदोन लिटरच्या आसपास सरबत मिळतं. एका भागाला सहा-सात भाग पाणी.

फुलं धुवायची नाहीत. वास परागात असतो आणि परागच पाण्याबरोबर वाहून जातो. कोरड्या दिवशी, दव उडाल्यावर तोडायची आणि तासभर पांढऱ्या कापडावर पसरून ठेवायची, किडे आपोआप बाहेर येतात. तुरा नाकाशी धरून बघायचा: लिंबू आणि मधासारखा वास आला तर घ्यायचा, मांजराच्या मुतासारखा वास आला तर तो तुरा जून झालाय. असा एकच तुरा पूर्ण पातेल्याला तो वास देतो. पाकळ्या तपकिरी पडायला लागल्या असतील तर वास घ्यायचीही गरज नाही, सोडून द्यायचा.

हिरवे देठ कात्रीने जितके जवळून कापता येतील तितके कापायचे. ते कडू असतात आणि पानं, साल, कच्ची फळं यांच्याप्रमाणे त्यांतही पोटात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. झाडाची खात्री करून घ्या: एल्डर, म्हणजे सांबुकस नायग्रा, हे लाकडी खोडाचं झुडूप किंवा लहान झाड आहे, पानं समोरासमोर, एका देठावर पाच ते सात दातेरी पर्णिका. जमिनीतून सरळ उगवलेल्या हिरव्या, मऊ दांड्यावर पांढरी छत्री दिसली तर हात लावू नका. हेमलॉक नावाच्या रोपाची फुलंही पांढऱ्या छत्रीसारखीच असतात आणि ते जीवघेणं विष आहे.

आता टिकवण्याचं. माझी सगळी गाडी इथेच अडली होती.

आपल्याला वाटतं, दीड किलो साखर घातलीये, त्यात काय जगणार? हिशेब करून बघा. एक लिटर पाण्यात दीड किलो साखर म्हणजे वजनाने ६० टक्के. त्यात लिंबाचा रस आणि फुलांमधलं पाणी मिसळलं की आणखी खाली. साखरेच्या जोरावर पाक टिकायचा असेल तर ६५ टक्क्यांच्या वर जावं लागतं, म्हणजे लिटरला जवळजवळ १ किलो ९०० ग्रॅम. ६७ टक्क्यांच्या आसपास साखर विरघळणंच थांबतं आणि तळाशी खडे धरतात. म्हणजे हातात फार थोडी जागा उरते. एवढं करूनही जास्त साखरेत तग धरणारे काही यीस्ट (साखर आंबवणारे सूक्ष्मजीव) असतातच. लिटरला एक किलोच्या कृती तर जेमतेम ५० टक्क्यांच्या, त्या फ्रिजबाहेर ठेवायच्या नाहीतच.

दुसरी गोष्ट फुलांची. न धुतलेल्या फुलांवर जंगली यीस्ट असतंच. रोमानियातलं सोकाता हे पेय तर फुलं, लिंबू आणि साखर पाण्यात ठेवून याच यीस्टवर आंबवतात. आपण वास जपण्यासाठी फुलं कोमट पाकात घालतो, उकळत नाही, त्यामुळे ते यीस्ट जिवंतच बाटलीत जातं. बाटली भट्टीत तापवून कितीही निर्जंतुक केली तरी आत भरलेलं सरबतच निर्जंतुक नसतं. ही साधी गोष्ट त्या कृतींमध्ये लिहिलेली नसते, याचीच चीड आहे.

मग गाळल्यावर उकळून भरावं का? उकळलं की फुलाचा वास उडतो आणि उरतो तो शिजलेल्या जॅमसारखा गोडसर वास. म्हणून मी बाटली बंद करून बाटलीसकट तापवते. खोल पातेल्याच्या तळाशी कापडाची घडी, त्यावर बाटल्या, वर २–३ सेंटिमीटर जागा सोडून भरलेल्या, झाकणं सैल. पातेल्यात बाटल्यांच्या मानेपर्यंत कोमट पाणी. थंड बाटली गरम पाण्यात ठेवली तर तडकते. एका बाटलीला झाकण न लावता तिच्यात थर्मामीटर सोडायचा, कारण बाहेरचं पाणी ८० अंशांवर असताना आत अजून ६० असू शकतं. आतलं तापमान ७५ ते ८० अंश झालं की तिथे वीस मिनिटं धरायचं, ८५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. मग झाकणं घट्ट करून बाटल्या मिनिटभर आडव्या करायच्या, म्हणजे मान आणि झाकणाची आतली बाजू गरम सरबताने भिजते. नंतर उभ्या करून, लाकडावर किंवा कापडावर सावकाश गार होऊ द्यायच्या.

हे आडवं करणं चुकवू नका. गार होताना वाफेचं पाणी झाकणाखाली जमतं आणि थेंब वरच्या थरावर पडतात. तेवढा थर पातळ होतो आणि बुरशी बरोबर तिथेच धरते.

सायट्रिक ॲसिड आंबटपणापुरतं आहे असं समजून कमी करू नका. सरबत पुरेसं आम्ल असलं तरच एवढ्या कमी उष्णतेवर काम भागतं. आम्लता मोजणारी पीएच पट्टी असेल तर पीएच ३ च्या आसपास यायला हवा, ३.५ च्या वर असेल तर आणखी घालायचं.

बुरशीचा ठिपका चमच्याने काढून बाकीचं प्यायचं, असं करू नये. ओतून द्यावं. आणि नुसतं फसफसायला लागलेलं सरबत काचेत ठेवणं धोक्याचं आहे. लिटरमागे चार ग्रॅम साखर आंबली तरी साधारण एक लिटर गॅस होतो, आणि या सरबताच्या लिटरभरात पावणेआठशे ग्रॅम साखर असते. साधी काचेची बाटली फुटायला त्यातला छोटासा हिस्साही पुरतो. मुद्दाम फेसाळ पेय करायचं असेल तर प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटल्या घ्या, रोज दाबून बघा, टणक लागली की झाकण सैल करून हवा सोडा.

एवढा खटाटोप नको असेल तर फ्रीझर. मला स्वतःला त्यात वास सगळ्यात ताजा राहिलेला वाटतो. प्लास्टिकच्या बाटलीत वरची दहावा हिस्सा जागा मोकळी सोडायची. साखरेमुळे ते दगडासारखं गोठत नाही, चमच्याने काढता येतं. यीस्ट आणि बुरशी रोखणाऱ्या सल्फाइटच्या गोळ्याही मिळतात, साडेचार लिटरला एक, पण दम्याच्या लोकांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, म्हणून मी वापरत नाही.

राहिलंच: गाळताना मलमल पिळायची नाही, सरबत गढूळ होतं. मलमलसुद्धा आधी उकळून घ्यायची. आणि २४ तासांचे ४८ तास झाले तरी चालतं, पण जागा गार असेल तरच, कारण उबेत यीस्ट पातेल्यातच कामाला लागतं.

तुरे उरले तर ४० अंशांखाली पातळ थरात वाळवून, देठांवरून चोळून घट्ट बरणीत ठेवा, चहाला वर्षभर होतात. गूजबेरीच्या जॅममध्ये घालायचे असतील तर मलमलीत पुरचुंडी बांधून शिजताना सोडायचे आणि साखर घालण्याआधी काढून घ्यायचे. बाटलीवर तारखेबरोबर 'तापवलेलं' किंवा 'कच्चं' एवढं लिहून ठेवा. कच्चं फ्रिजमध्येच ठेवायचं आणि आधी संपवायचं. तापवलेलंही एकदा उघडलं की फ्रिजमध्ये, महिन्याभरात.