बंबापुरता घाम

घरात गिझर आहे. तरी आमच्या परड्यात तांब्याचा बंब पेटतो, कारण मला लाकडं फोडायची असतात. बंबाच्या पाण्याची अंघोळ वेगळीच लागते, असं आपलं पाहुण्यांना सांगायचं.

जिममधलं वजन छापील असतं. लाकडाचं तसं नाही. आंब्याची फांदी दोन-चार घावांत मोकळी होते. बाभूळ वाळली की हात झिणझिण्यांनी भरून येतात. म्हणून आधी ओंडक्याचं तोंड बघायचं. वाळताना गाभ्यापासून सालीकडे चिरा गेलेल्या असतात, त्यातली एक धरून घाव घालायचा. जाड ओंडका असेल तर कडेकडेने ढलप्या काढत आत शिरायचं. गाठ दिसली की सरळ उलटा करायचा, तिच्याशी हुज्जत नको.

कुऱ्हाड जाड पोटाची हवी. पातळ पात्याची झाड तोडायला बरी, ओंडक्यात ती नुसती रुतते. वर नेताना उजवा हात पात्याजवळ असतो, खाली येताना तो दांड्यावरून घसरत डाव्याला येऊन भिडतो. घाव बसताना गुडघे वाकतात. दंडाचं काम थोडं, कुऱ्हाडीच्या वजनाचं आणि कमरेचं जास्त. पुतण्याला हे पटत नाही. तो दणादण हाणतो, पातं ओल्या लाकडात अडकतं, आणि ते उपसण्यातच त्याचा व्यायाम होतो.

या नादाला मोठी माणसंही लागलीत. १८६८ मध्ये सरकार बनवायला राणीचं बोलावणं येतंय अशी तार ब्रिटिश राजकारणी ग्लॅडस्टनना मिळाली, तेव्हा ते वेल्समधल्या हार्डनच्या इस्टेटीत झाड तोडत होते. १९१८ मध्ये गादी गेल्यावर जर्मनीचा सम्राट कैसर दुसरा विल्हेल्म हॉलंडात लाकडंच फोडत बसला. सत्ता येताना आणि गेल्यावर, दोन्हीकडे चालणारा दुसरा व्यायाम माझ्या तरी पाहण्यात नाही.

खरा घाम मात्र कुऱ्हाड ठेवल्यावर निघतो. उडालेल्या ढलप्या वाकून वेचायच्या, पावसाच्या आत सगळं छपराखाली न्यायचं, हवा खेळेल असं आडवं-उभं रचायचं. नेमका तेव्हाच पुतण्याला कुणाचा तरी फोन येतो.