ओट्याची कड आणि अनामत रक्कम

कोथरूडच्या आमच्या वन बीएचकेमधले भाडेकरू गेल्या मे महिन्यात घर सोडून गेले. दर अकरा महिन्यांनी करार नव्याने करत ते कुटुंब तिथे पाच वर्षे राहिले आणि भाडे एकदाही थकले नाही. किल्ली परत घेण्याच्या दिवशी बैठकीची खोली आणि शयनगृह पाहायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत. स्वयंपाकघरात मात्र आम्ही तासभर उभे होतो. साठ हजारांच्या अनामत रकमेतून काय कापायचे, हा प्रश्न माझ्या अनुभवात नेहमी ओट्यापाशीच येऊन ठेपतो.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार भाडेकरूने जागा जशी घेतली तशी परत करायची असते, पण वाजवी वापराने झालेली झीज त्यातून वगळलेली आहे. आपले बहुतेक करार 'लीव्ह अँड लायसन्स'चे, म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी जागा वापरण्याच्या नुसत्या परवानगीचे असल्यामुळे हे कलम त्यांना जसेच्या तसे लागू होत नाही. तरीही 'नैसर्गिक झीज वगळून' हे शब्द करारनाम्यांत हमखास सापडतात. ही झीज कुठे संपते आणि नुकसान कुठे सुरू होते, हे मात्र त्यांत लिहिलेले नसते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात दुरुस्त्यांची वाटणी केलेली आहे. भिंतींचा रंग आणि विजेचे वायरिंग मालकाकडे, तर नळ, त्यांचे वॉशर आणि स्वयंपाकघरातील जोडण्यांची दुरुस्ती भाडेकरूकडे. राज्यांनी स्वीकारावा असा तो एक नमुना आहे. पण मालक आणि भाडेकरूने बोलणे सुरू करण्यापुरता तो उपयोगी पडतो.

शेगडीमागच्या टाइल्सवर चिकट, पिवळसर थर होता. रोजच्या फोडणीतून उडालेल्या तेलाचा सूक्ष्म अंश हवेच्या संपर्काने हळूहळू वार्निशसारखा घट्ट होतो आणि टाइल्सच्या मधल्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरलेले असेल तर ते तो रंग कायमचा धरून ठेवते. पाच वर्षे दोन वेळचा स्वयंपाक झालेल्या घरात असे होणारच. ट्रॉल्यांचे चॅनेल अडखळत होते, नळाच्या तोंडाशी बोअरच्या पाण्याचे क्षार साचले होते. यांतल्या कशासाठीही पैसे कापणे मला पटले नाही.

ओट्याच्या डाव्या कडेचे प्रकरण वेगळे होते. काळ्या ग्रॅनाइटच्या गोलाई दिलेल्या कडेवर, बरोबर कमरेच्या उंचीला, बोटाच्या पेराएवढे तीन टवके उडालेले होते. ग्रॅनाइट चिंचेला किंवा लिंबाला दाद देत नाही, पण त्याच्या कडेवर दर संकष्टीला नारळ फोडला तर तो किती दिवस तग धरणार? भाडेकरू कुटुंबातल्या वहिनींनी ते लगेच मान्य केले. टवके रंग मिसळलेल्या रेझिनने भरून पॉलिश करायला कारागिराने दीड हजार सांगितले आणि तेवढी रक्कम कापायची हे आमच्यात कुरकुर न होता ठरले.

खरा वाद सिंकखाली होता. तिथल्या कपाटाची तळफळी पावासारखी फुगली होती, कडेची सनमायका सुटून वर आली होती आणि बोटाने दाबले की आतला भुसा हाताला लागत होता. सुताराने साडेनऊ हजारांचा अंदाज दिला. मी रक्कम उच्चारताच वहिनी शांतपणे म्हणाल्या, "काका, ही फळी दुसऱ्याच पावसाळ्यात फुगायला लागली होती. मी काकूंना फोन करून सांगितलंही होतं." त्यांचे म्हणणे खरे होते. हिने तो निरोप मला दिला होता आणि 'पुढच्या खेपेला बघू' असे म्हणत मी तो तीन वर्षे टाळला होता. शिवाय हे कपाट मी स्वतः साध्या कमर्शियल प्लायचे करून घेतले होते; आयएस ७१० दर्जाचा, पाण्यात टिकणारा प्लाय महाग पडतो म्हणून सुताराचा सल्ला तेव्हा मीच मोडीत काढला होता. सिंक आणि ग्रॅनाइटच्या सांध्यातले सिलिकॉन सुटून थेंब थेंब पाणी झिरपत होते. ते त्यांच्या लक्षात आले, त्यांनी कळवले, आणि त्याखाली दोन वर्षे वाटी ठेवून ती रोज रिकामीही केली. असे असताना त्या फळीचे पैसे मी कोणत्या तोंडाने मागायचे?

अनामत रकमेतून दीड हजार वजा करून बाकीचे पैसे मी त्याच संध्याकाळी त्यांच्या खात्यावर पाठवले. साडेनऊ हजार माझ्या खिशातून गेले, आणि चांगल्या प्लायमुळे त्यांचे पुढे बारा हजार झाले. (ही यावर काहीच बोलली नाही, पण तिच्या न बोलण्याचा अर्थ मला कळतो.)

जूनमध्ये नवे भाडेकरू आले. किल्ली देण्याआधी ओट्याची कड, सिंकचा सांधा आणि कपाटाचा तळ यांचे फोटो काढून ते दोघांच्याही फोनवर ठेवले आणि गळती कळवल्यापासून पंधरा दिवसांत दुरुस्ती मालकाने करायची, असे कलम करारात घातले. ड्राय बाल्कनीच्या कोपऱ्यात जुन्या पाट्याचा एक तुकडा पडून होता, तो धुऊन तिथेच ठेवला आहे. नारळ त्यावर फोडावा, एवढे मात्र मी तोंडीच सांगितले.