गोल बुडाची बादली

कॉर्नवॉलमधलं लॅनहायड्रॉक हे जुनं मोठं घर पाहिल्यापासून इंग्लंडातल्या कुठल्याही हवेलीत माझी नजर आधी आग विझवायच्या सामानाकडे जाते. तिथं १८८१ मध्ये स्वयंपाकघराच्या धुराड्यातून आग लागली आणि बहुतेक घर खाक झालं.

परवा दुसऱ्या एका हवेलीत रांगेनं टांगलेल्या चामडी बादल्या दिसल्या. शेजारची लोखंडी बादली मात्र गोल बुडाची! खाली ठेवली की कलंडते, म्हणून फरशी पुसायला कुणी पळवत नाही. (आमच्या घरी ही युक्ती हवी होती.) कपाटात निळ्या काचेचे गोळेही होते. नवऱ्याला वाटलं अत्तरदाण्या. आत खारं पाणी. आगीवर फेकून फोडायचे. पुढे काहींत कार्बन टेट्राक्लोराइड हे रसायन भरू लागले, ते तापलं की विषारी फॉस्जीन वायू. म्हणजे आगीतून फुफाट्यात!