गुरूचा फोटो: कॅमेऱ्याआधी हवेचं बोलू

गुरू ग्रहाचे फोटो दाखवले की पहिला प्रश्न ठरलेला: कॅमेरा कुठला? हवेबद्दल कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त फोटो हवाच काढते.

माझी दुर्बीण 8 इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची. बार्लो, म्हणजे प्रतिमा मोठी करणारं भिंग, लावून एफ/15 पर्यंत (आरशाच्या रुंदीच्या 15 पट नाभीय अंतरापर्यंत) नेली की लॅपटॉपवर गुरू जेमतेम सव्वादोनशे पिक्सेल रुंद दिसतो. तोही स्थिर नाही, वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा हलणारा. म्हणून एक फोटो काढण्यात अर्थच नसतो. सेकंदाला शंभरेक फ्रेम या वेगाने व्हिडिओ घ्यायचा. हवा क्षणभर निवळते तेव्हाच्या मोजक्या फ्रेम त्यात सापडतात. ऑटोस्टॅकर्ट नावाचं सॉफ्टवेअर त्या निवडून एकावर एक रचतं, यालाच स्टॅक म्हणतात.

मग तासभर व्हिडिओ का नाही घ्यायचा? कारण गुरू थांबत नाही. दहा तासांच्या आत स्वतःभोवती एक फेरी. दोन मिनिटांत त्याच्या विषुववृत्तावरचा ढग सुमारे दीड हजार किलोमीटर सरकतो, आणि 8 इंची आरशाला ओळखता येणारा बारीकातला बारीक तपशील साधारण तेवढाच असतो. त्यापुढे रेंगाळलात की गुरूवरचे ढगांचे पट्टे पुसट व्हायला लागतात. (विनजुपोस नावाचा प्रोग्रॅम हे फिरणं उलटं वळवून देतं, पण त्या भानगडीत सुरुवातीला पडू नका.)

आरसा बाहेरच्या हवेइतका गार होईपर्यंत कॅमेरा लावायची घाई करू नये. ग्रह डोक्यावर येईपर्यंत थांबावं, क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो. आणि चांदण्या फार लुकलुकत असतील तर सरळ झोपायला जावं. आकाश काचेसारखं स्वच्छ असलं तरी. उलट विरळ धुरकट रात्री हवा कधीकधी इतकी शांत असते की गुरूवरचा मोठा लाल डाग आपला आपण दिसतो. फोकससाठी मी गुरूकडे बघतच नाही. आयो किंवा गॅनिमीड यांपैकी त्याचा एखादा चंद्र पकडतो आणि त्या चंद्राचा ठिपका लहानात लहान होईपर्यंत चाक फिरवतो.

खरा मोह पुढे आहे. रजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमधल्या वेव्हलेटच्या, म्हणजे बारीक तपशील ठळक करणाऱ्या, सरकपट्ट्या सरकवल्या की लोण्यासारख्या मऊ चित्रातून पट्टे उठून दिसतात. आणखी थोडं, आणखी थोडं करत माणूस नसलेलं दाखवायला लागतो. मंगळाच्या तेजस्वी कडेला समांतर अशी एक बारीक काळपट रेघ बऱ्याच फोटोंत दिसते. ती मंगळावर नाही, सॉफ्टवेअरने काढलेली असते. 2025 च्या जानेवारीत मंगळ प्रतियुतीला, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, आला तेव्हा जेमतेम साडेचौदा विकलांचा होता (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). एवढ्याशा बिंबावर दऱ्याखोरी दिसायला लागली की मला शंकाच येते.

व्हिडिओ प्रचंड जागा खातात, तरी स्टॅक झाला की लगेच उडवू नका. 3 जून 2010 ला ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली यांनी गुरूवर काहीतरी आदळल्याचा लखलखाट व्हिडिओत टिपला. फिलिपिन्समधल्या ख्रिस्तोफर गो यांच्या त्याच वेळच्या व्हिडिओतही तो सापडला. असे लखलखाट एकदोन सेकंदांत विझतात आणि स्टॅकमध्ये हरवून जातात. ते शोधायला डीटेक्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. रात्री तो चालू करून झोपायचं, व्हिडिओ सकाळी उडवायचे.