दार आधी, रंग नंतर : आमच्या गॅरेजची वाटचाल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, वडिलांनी सुरू केलेलं. सुरुवातीला सगळी ॲक्सिडेंटची कामं. ट्रकची केबिन, जीपचं मडगार्ड, अँबेसेडरची डिकी, जे येईल ते ठोकून सरळ करायचं आणि रंगवून द्यायचं. तेव्हा पत्रा बदलणं ही शेवटची गोष्ट असायची, आधी हातोडी आणि डोली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) घेऊन तोच पत्रा परत आणायचा. नंतर इन्शुरन्सवाली नवी गिऱ्हाइकं आली आणि सगळं उलटं झालं, दार चेपलं की नवीन दार, बंपर फुटला की नवीन बंपर. त्यात डेंटरचं काम उरतं किती? दोन बोल्ट काढायचे, दोन लावायचे. आमच्याकडचे जुने मिस्त्री, ज्यांच्या हातात खरी कला होती, ते नुसते बसून राहायला लागले. मला हे बघवत नव्हतं आणि धंदाही बसत चालला होता.

त्याच काळात बेळगावहून एक काका त्यांची प्रीमियर पद्मिनी घेऊन आले. दुसऱ्या एका गॅरेजमधून ती पूर्ण रंगून आलेली, आरशासारखा रंग, पण चारातली तीन दारं आपटल्याशिवाय बंद होत नव्हती आणि ड्रायव्हर साइडच्या दाराची कड मडगार्डला घासून नवा रंग उडालेला. काका म्हणाले, "रंग चांगला आहे हो, फक्त दारं तेवढी बसवून द्या." आमच्या चाचांनी, म्हणजे आमच्या मुख्य मिस्त्रींनी, दाराखालच्या रनिंग बोर्डवर अंगठा दाबला तर आत लांबी (पुट्टी) भरलेली, पत्रा नावालाच. चाचा म्हणाले, "मालक, हे दाराचं दुखणं नाही, गाडीचं आहे." आमच्या धंद्याची दिशा त्या गाडीनं बदलली, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

फियाट ११०० काय किंवा पद्मिनी काय, ह्या गाड्यांना वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. सगळी बॉडीच चासी. अँबेसेडरचंही तसंच. म्हणजे दाराखालचा रनिंग बोर्ड हा शोभेचा पत्रा नाही, पुढचं इंजिन आणि मागची सीट ह्यांच्या मधला भार तो पेलतो. तो आतून सडला की गाडी मधोमध बसते, आणि बसली की दाराच्या वरच्या कोपऱ्यात गॅप मिटते आणि खाली उघडते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं दार लटकलं, मग तो बिजागरीला ठोकाठोकी करत बसतो. कोकणातल्या आणि गोव्याच्या गाड्यांत हे हमखास, खारी हवा आणि चार महिने पाऊस, पाणी जायची भोकं चिखलानं बुजलेली, मग आतून बाहेर गंज.

पण रनिंग बोर्ड सरळ कापला आणि नवीन लावला असंही होत नाही. कापल्या कापल्या गाडी हलते. आम्ही आधी दाराच्या चौकटीत एमएसचा (साध्या लोखंडाचा) चौकोनी पाइप आडवा-तिरका, वेल्डिंगचे छोटे टाके मारून घेतो, दोन्ही कर्ण टेपनं मोजून लिहून ठेवतो, आणि एका वेळी एकच बाजू कापतो. नवीन पत्रा साधारण २० गेजचा, म्हणजे ०.९ मिलीमीटरच्या आसपास, सीआरसीए (थंड लाटलेला, नरम केलेला पत्रा). तो जागेवर धरायचा, टाका मारायचा, आता तिथला आडवा पाइप काढून दार लावून बघायचं, गॅप बघायची, परत टाका, परत दार. सलग वेल्डिंग ओढली की पत्रा तापून आक्रसतो आणि सगळं काम एका बाजूला खेचलं जातं, म्हणून इथे थोडं, तिथे थोडं, मध्ये थंड होऊ द्यायचं. वेळ जातो, पण ह्याला दुसरा रस्ता नाही.

आणि हे सगळं करताना गाडी कशावर उभी आहे ते महत्त्वाचं. मधोमध जॅक लावून उचललेल्या गाडीवर दार बसवलं तर गाडी खाली ठेवल्यावर ते दार बसणारच नाही. चाचांचा नियम होता, गॅपचं शेवटचं माप गाडी स्वतःच्या टायरवर, सपाट फरशीवर, इंजिन बसवलेलं असताना घ्यायचं. इंजिन बाहेर असेल तर तेवढं वजन पुढे ठेवायचं. आम्ही त्यासाठी वाळूची पोती वापरतो.

मग बिजागरी. दार अर्धं उघडायचं, लॉकच्या बाजूनं हातानं वर उचलायचं. खडखड लागली म्हणजे पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, झिजलेत. बिजागरीत अर्धा मिलीमीटर प्ले (ढिलेपणा) असला तरी लॉकच्या टोकाला दार एक-दीड मिलीमीटर खाली येतं, कारण दाराची लांबी दोन बिजागऱ्यांच्या अंतरापेक्षा कितीतरी जास्त. इथे उद्यमनगरात असल्याचा आम्हाला मोठा फायदा झाला. शेजारच्या गल्लीत लेथवाले आहेत, गनमेटलचे बुश आणि किंचित जाड पिन दुपारपर्यंत करून देतात, भोक रीमर मारून बरोबर जुळवून. मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्यात नाना पेठेत फिरून जुनी बिजागरी मिळते, पण तीही कुठल्या तरी गाडीवर झिजलेलीच, त्यापेक्षा आपलीच दुरुस्त करावी हे माझं स्पष्ट मत आहे.

जुळवणीचा क्रम आम्ही कधी मोडत नाही. जे हलत नाही तिथून सुरू करायचं, म्हणजे मागचं क्वार्टर पॅनेल, मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा. ते बॉडीला वेल्ड केलेलं आहे, ते सरकणार नाही. त्याला मागचं दार जुळवायचं, मागच्या दाराला पुढचं दार, पुढच्या दाराला मडगार्ड, आणि दोन्ही मडगार्डांच्या मध्ये बॉनेट. बरेच जण पुढून सुरू करतात कारण मडगार्ड बोल्टवर असतं, पटकन हलतं, आणि मग उरलेली सगळी चूक मागच्या दारात येऊन साठते, तिथे हलवायला काहीच शिल्लक नसतं.

दार जुळवताना स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरचा लॉक अडकणारा तुकडा, काढूनच टाकायचा. तो लावलेला असला की लॉक दाराला ओढून त्याच्या जागी नेतो आणि बिजागरीचं खरं काय ते कळतच नाही. दार बिजागरीवरच बरोबर लटकलं पाहिजे, स्ट्रायकर शेवटी येऊन त्याला फक्त धरणार. आणि रबर बीडिंग! हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. नवीन रबर जाड आणि ताठ असतं, ते दाराला बाहेर ढकलतं. बीडिंगशिवाय जुळवलेलं दार रंगानंतर रबर लावलं की एका बाजूनं वर आलेलं दिसतं, म्हणून जे बीडिंग शेवटी लागणार तेच आधी मागवून, लावून, त्याच्यासकट दार बघायचं.

माप घ्यायला महागडं काही लागत नाही. ड्रिल बिटाची मागची गुळगुळीत बाजू गॅपमधून फिरवायची. आम्ही ह्या गाड्यांना साडेचार ते पाच मिलीमीटर धरतो, ४.५ चा बिट वरपासून खालपर्यंत एकसारखा सरकला पाहिजे. ह्यात रंगाचाही हिशेब असतो. प्रायमर, सरफेसर, रंग, दोन्ही कडा मिळून तीन-चार दशांश मिलीमीटर सहज खातात, म्हणून नुसत्या पत्र्यावर गॅप किंचित मोठीच ठेवायची. कुठे जास्तच मोठी असेल तर कडेवर बारीक तार वेल्ड करून ग्राइंडरनं आकार द्यायचा, तिथे लांबीची कड करायची नाही, दार दोनदा आपटलं की ती उडते. गॅप कमी असेल तर मात्र नुसतं घासून चालत नाही, दाराची कड म्हणजे बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, जास्त घासलं की ती दुमड उघडी पडते.

दाराला पीळ असेल, म्हणजे वर आत बसतंय आणि खाली बाहेर राहतंय, तर लॉकच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात लाकडी ठोकळा धरायचा, दार त्यावर टेकवायचं आणि खालून गुडघ्यानं हळूहळू आत दाबायचं. ऐकायला रांगडं वाटेल, पण चाचांना दाबताना हाताला कळायचं किती आलं ते. आज आमच्याकडची दोन पोरं ते शिकलीत आणि मला त्यांचा अभिमान आहे.

तर ती पद्मिनी. काकांना आम्ही स्पष्ट सांगितलं की रंग जाणार, सगळं पहिल्यापासून. ते आधी नाराज झाले, घरी जाऊन विचार केला, आणि परत आले. काम झाल्यावर त्यांनी दार एका बोटानं ढकललं, कुलूप लागल्याचा एक छोटा आवाज आला. त्यांनी परत उघडलं, परत ढकललं, असं बराच वेळ. त्यांच्याच ओळखीतून मडगावची एक फियाट आली, मग पुण्याची, मग सांगलीची अँबेसेडर, आणि आम्ही हळूहळू इन्शुरन्सची कामं घेणं बंद केलं.

कोल्हापूरला जुन्या गाड्यांचं वेड आहेच. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक, ही जुनी जर्मन गाडी, निघते तेव्हा दसरा चौकात लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे मान उंच करून बघतात, त्यामुळे इथे ह्या कामाची किंमत लोकांना समजावून सांगावी लागत नाही. नंतर २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, व्हीए अक्षरांच्या खास सिरीजचा नंबर मिळायला लागला, आणि त्यात मूळ बॉडीला फार अर्थ आहे, म्हणून आम्ही शक्य तितका जुना पत्रा ठेवतो आणि सडलेला भाग तेवढाच कापतो. १९७४ ला पद्मिनी हे नाव आलं, म्हणजे त्या पहिल्या गाड्या आता पन्नाशी ओलांडतायत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हापासून चौकशीचे फोन वाढलेत, "आमच्या आजोबांची पडून आहे, होईल का काही?" होतं, बहुतेक वेळा होतं.

पैशाचं पण सांगतो, कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. आम्ही गाडी उघडल्याशिवाय एकरकमी भाव देत नाही. आधी पत्रा आणि गॅपचं काम वेगळं, ते झालं की गाडी नुसत्या पत्र्यावर मालकाला दाखवतो, त्यांनी स्वतः चारही दारं लावून बघायची, त्यांना पटलं की मगच दारं उतरवून रंग. उतरवताना बिजागरीभोवती खूण आणि प्रत्येक शिमला (बिजागरीखालच्या पातळ पट्टीला) चिठ्ठी, म्हणजे रंगानंतर तीच जागा परत सापडते.

सध्या आमच्याकडे एक डुक्कर फियाट आहे, म्हणजे फियाट ११०० चंच जुनं मॉडेल, पन्नासच्या दशकातली, पुढची दारं उलटी उघडणारी. हिच्यात पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं मधल्या पिलरवरच टांगलेली, एका पिलरवर दोन दारांचा भार, आणि नेमका तोच पिलर खाली पायाशी सडलेला, त्यामुळे दोन्ही दारं एकदमच खाली आलीत. पिलरचा पाय आम्ही हातानं बनवतोय, पुठ्ठ्याचा नमुना कापून, मग पत्रा दुमडून. मी रोज सकाळी शटर उघडलं की आधी तिच्याकडे जातो.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर एक विनंती, आणताना दारं खोलून आणू नका. जशी आहे तशी, लटकलेली असली तरी दारं लावूनच टेम्पोत चढवा, जुने शिम, स्ट्रायकर आणि फाटकं बीडिंगसुद्धा टाकून देऊ नका, पिशवीत भरून सोबत द्या. दार कुठे घासतंय, कुठे मोकळं आहे ह्यावरून गाडी कुठे बसलीय ते आम्हाला कळतं.