‘ओळखलंस का?’ हे आता विचारू नका

परवा कोथरूडला आमच्या घरी मावसभाऊ आला. आईसमोर उभा राहिला आणि पहिलंच वाक्य, "मावशी, ओळखलंस का? सांग बरं मी कोण?" आईने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. तो प्रेमाने आला होता हो, तिच्या आवडीची बाकरवडी घेऊन आला होता. पण तेवढ्यात तिचा चेहरा जो उतरला तो संध्याकाळपर्यंत तसाच. म्हणून हे लिहायला बसलेय.

आईला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, तीन वर्षं झाली. मी इंग्लंडमध्ये लीड्सला असते, सुट्टी जोडून दीड महिना पुण्यात आलेय. तिकडे आमच्या शेजारच्या आजोबांनाही हेच आहे. त्यांना आठवड्यातून दोनदा एका हॉलमध्ये गाडीने सोडायचं काम मी आपणहून घेतलं, आणि मग तिथेच चहा द्यायला थांबायला लागले. तिथे जे चालतं त्याला कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी म्हणतात. नाव मोठं आहे, पण बाहेरून बघाल तर सात-आठ म्हातारी माणसं गोल बसून गप्पा मारतायत एवढंच दिसतं. सुरुवातीला एकमेकांकडे मऊ चेंडू टाकायचा, मग त्यांनीच ठरवलेलं त्यांच्या ग्रुपचं गाणं, मग त्या दिवसाचा विषय. कधी खाणं, कधी लहानपण, कधी पैसे, कधी शब्दांचे खेळ. पाऊण तासाची अशी १४ सत्रं, सात आठवड्यांत.

पहिल्याच दिवशी मी आजोबांच्या बाजूला बसून विचारलं, "काल रात्री काय जेवलात?" आपण नाही का विचारत, तसंच. सत्र घेणाऱ्या बाईंनी नंतर मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की इथे ज्याचं उत्तर चुकू शकतं असा प्रश्न विचारायचा नाही, मत विचारायचं. मला खरं तर रागच आला. घरी आईशी मी रोज फोनवर असंच बोलत होते, काय जेवलीस, कोण आलं होतं, आज वार कुठला, आणि मला वाटायचं की मी तिच्या मेंदूला व्यायाम देतेय. पण मग मी बघत राहिले. दोन जुने फोटो टेबलावर ठेवले की 'हे कोण' असं कुणी विचारायचं नाही, "या दोघींपैकी शेजारीण म्हणून तुम्हाला कोण आवडेल?" असं विचारायचे. आणि जे आजोबा बायकोच्या नावाला अडखळतात ते पाच मिनिटं बोलले, की ही टोपीवाली नको, ही सगळ्या गल्लीची खबर ठेवत असणार.

हा नुसता चांगुलपणाचा भाग नाहीये. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये २०१ जणांवर याची रीतसर चाचणी झाली, आणि ज्यांना ही सत्रं मिळाली त्यांची स्मरण आणि विचारशक्तीची चाचणी आणि रोजच्या जगण्यातलं समाधान दोन्ही इतरांपेक्षा बरं आलं. कुठले उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या तिथल्या नाईस या सरकारी संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सौम्य ते मध्यम डिमेन्शियासाठी ही ग्रुपची सत्रं द्या असं स्पष्ट म्हटलंय. आणि त्याच सूचनांमध्ये, सौम्य ते मध्यम अल्झायमरवर उपचार म्हणून कॉग्निटिव्ह ट्रेनिंग, म्हणजे स्मरणशक्ती वगैरेचे ठरावीक व्यायाम, देऊ नका असंही म्हटलंय. त्यामुळे आईसमोर सुडोकूची पुस्तकं आणून ठेवणाऱ्या सगळ्यांनी प्लीज थांबा. आजार याने जात नाही, गोळ्याही बंद करायच्या नसतात, हेही सांगते. आणि हे फक्त गोऱ्यांचं आहे असंही नाही, चेन्नईच्या स्कार्फ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने हे तमिळमध्ये बसवलंय, तर मराठीत का नाही होणार!

दादा म्हणाला, तुला काय, तू दीड महिन्याने जाणार, आम्ही वर्षभर करतोय. खरं आहे. वहिनी जे करते त्याला तोड नाही, आणि तिला शिकवायला मी आलेले नाही. शेजारच्या त्या आजोबांना त्या हॉलबाहेर दिवसभर बायकोशिवाय माणूस दिसत नाही, इथे आईकडे सकाळपासून दूधवाला, कामाच्या मावशी, नातवंडं, खालच्या काकू, माणसांची रीघ असते. पण ती सगळी माणसं येऊन तिची परीक्षा घेतात, हे मला इथेच राहिले असते तर कधी दिसलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

मग रविवारी आम्ही माळ्यावरची भांडी खाली काढली. सदाशिव पेठेतल्या वाड्यातून आलेली, वर्षानुवर्षं पोत्यात पडलेली. मापटी, पितळी डबे, सोऱ्या, दोन मोठी सतेली. आईसमोर चटईवर मांडली आणि विचारलं, "आई, यातलं काय ठेवायचं, काय मोडीत घालायचं?" ती आधी गप्प बसली. मग एक सतेलं ओढून घेतलं, आत हात फिरवला, उजेडाकडे धरलं, आणि म्हणाली, "कल्हई गेलीय. यात आंबट ठेवू नका. पण मोडीत कशाला, कल्हई करून आणा की!" मग एकेक उचलून दोन ढीग केले. अडकित्ता बाजूला काढून म्हणाली की हा सासूबाईंचा, हा कुणाला द्यायचा नाही. तास-दीड तास चाललं होतं. वहिनी म्हणाली, "ताई, महिन्याभरात एवढं बोलल्या नव्हत्या."

काल मावसभाऊ परत आला. मी त्याला दारातच सांगून ठेवलं होतं. तो आत गेला, आईच्या शेजारी खाली बसला आणि म्हणाला, "मावशी, मी सुधीर आलोय. कैऱ्या आणल्यात. लोणचं घालावं की मेथांबा?" आईने पिशवीतून एक कैरी काढली, अंगठ्याने दाबून बघितली, देठाशी वास घेतला.

"मेथांबा," म्हणाली. "लोणच्याला या चालायच्या नाहीत, पिकायला लागल्यात. कुठून आणल्यास रे?"